मुकी गाडी

बुधवार, ७ जून

माझ्या लेकीच्या, सेनामीच्या, शाळेच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. कारण एकच. माझा नवरा दोसू आज जे करून आलाय त्याचा पुढे बोजवारा उडणार आहे, आणि उडाला की तो म्हणेल, "तू कुठे काय म्हणाली होतीस?" तेव्हा ही वही त्याच्या पुढ्यात टाकीन. तारखेसकट.

तर लिहून ठेवते. आज दोसूने मोटारसायकल विकली. पिवळा सदरा घालून अकरा वर्षं जिच्यावर त्याने कोतोनू शहरभर माणसं वाहिली, जिने आम्हाला खाऊ घातलं, ती विकली आणि त्या पैशांत विजेच्या गाडीची अनामत भरून आला. पेट्रोल न लागणारी गाडी.

आणि मी विकते काय? पेट्रोल. रस्त्याच्या कडेला माझं टेबल, त्यावर काचेचे हंडे आणि बाटल्या, माल सीमेपलीकडून गुपचूप येतो. आमच्या आक्पाक्पा वस्तीतले निम्मे झेमवाले, म्हणजे दोसूसारखे मोटारसायकलवर भाडी नेणारे, माझ्याच नरसाळ्यावर भाडी मारतात. रोजचं पहिलं गिऱ्हाईक माझा नवरा. आता तोच म्हणणार, बाई, तुझा माल मला नको. गल्लीत तोंड कुठे लपवू?

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"पेट्रोल महागलंय," तो म्हणाला.

झालं, संपलं बोलणं. हा माणूस दिवसाला सहा शब्द बोलतो. त्यातले चार सेनामीसाठी असतात. नऊ वर्षांची आहे, लाडकी आहे, घेऊ दे तिला. पण उरलेल्या दोन शब्दांत माझा संसार कसा चालावा?

शुक्रवार, ९ जून

गाडी आली. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, ती आलेली मला कळलीच नाही. मी खाली मान घालून बाटल्या पुसत होते, वर बघते तर समोर दोसू. हातातली बाटली सुटता सुटता राहिली.

गल्ली गोळा झाली. धूर सोडायचं नळकांडं शोधायला पोरं खाली वाकली, तर ते नाहीच. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून इंजिनाच्या जागी हात लावला. थंड. अर्ध्या शहरातून चालून आलेली गाडी, आणि थंड. जुन्या गाडीच्या नळकांड्याचा भाजल्याचा डाग सेनामीच्या पोटरीवर अजून आहे, माझ्याही आहे. या शहरात तो डाग नाही अशी बाई शोधून काढावी लागेल. मी हात काढून घेतला आणि पुन्हा लावला.

पोरांनी तिचं नाव ठेवलं मुकी. मी म्हटलं, छान, मुक्याला मुकी गाठ पडली. सगळे हसले. दोसूही हसला.

"बस ना मागे, आकुबा," तो मला म्हणाला.

"माझ्या बुडाखाली वीज नको," मी म्हटलं.

मंगळवार, १३ जून

नव्याचे नऊ दिवसही नाहीत. दिवसभरात तीन गिऱ्हाइकं. पाऊस पडून गल्ल्यांत पोटरीभर पाणी साचलंय, आणि लोकांना वाटतं पाण्यात शिरली की ही गाडी माणसाला चिकटवून मारते. एक मासळीवाली तर म्हणाली, "तू आधी तुझ्या बायकोला बसव, मग मी बसेन." हे दोसूने मला सांगितलं, आणि वर पुन्हा म्हणतो, "बस ना एकदा." मी नाही म्हटलं. मासळीवालीसाठी मी जीव देऊ की काय?

बाकीचे झेमवाले माझ्याच टेबलापाशी उभे राहून त्याची टर उडवतात. "काय रे दोसू, पोरीला भात आणि गाडीला बाटलीने दूध?" तो गालात हसतो. मला मात्र राग येतो. नवरा माझा आहे, टर उडवायची तर मी उडवीन.

बॅटरी आपली नसते. ती कंपनीची. संपली की त्यांच्या ठाण्यावर जायचं, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, तेवढ्याचे पैसे मोजायचे. गाडीचा हप्ता रोजचा वेगळा, दोन वर्षं. ओळीने चार दिवस चुकला तर कुठेतरी दूर बसलेला माणूस कळ दाबतो आणि गाडी उभ्या जागी बंद. आपल्या या भागात ठाणी दोनच. काल एकावर भरलेली बॅटरी नव्हती, म्हणून दोसू ढकलत गेला दुसऱ्यापर्यंत. वहीसाठी हे मुद्दाम लिहिते.

घरात एकच खोली. हंडे आणि कॅन मी आत ठेवते, सेनामीच्या चटईमागे भिंतीला लावून. बाहेर ठेवले तर सकाळपर्यंत उरायचे नाहीत. दोसू हल्ली चटई कॅन आणि पोरीच्या मध्ये टाकून झोपतो. म्हणतो, इथे वारा येतो. कॅनपाशी कसला आलाय वारा? रुसलाय, दुसरं काय. हे डिसेंबरपासून चाललंय, ब्लांदीनच्या घराला आग लागली तेव्हापासून.

ब्लांदीन म्हणजे चार घरं पलीकडची, माझ्यासारखीच पेट्रोलवाली. वीज गेली म्हणून तिने मेणबत्ती लावली आणि भडका उडाला. घर गेलं, आणि आत झोपलेला तिचा लहानगा गेला. दोसू आत शिरला होता. डावा हात भाजून घेतला आणि रिकामा बाहेर आला. त्याबद्दल त्याने आजवर चकार शब्द काढलेला नाही. माझं तसं नाही. मी मेणबत्ती घरात आणत नाही, टॉर्च वापरते.

शनिवार, १७ जून

आज ऐकलं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. दोसू गातो.

झालं असं की परवा मुकी एका बाईच्या मागे जाऊन उभी राहिली, बाईला पत्ता नाही, ती वळली आणि टोमॅटोची परात चिखलात. तिने दोसूच्या हेल्मेटवर चप्पल हाणली. हॉर्न वाजवला तर लोक शिव्या देतात, नाही वाजवला तर अंगावर येतात. म्हणून हा आता गल्लीत शिरताना गातो. त्याच्या गावाकडचं पेरणीचं गाणं. टेबलाशी बसल्या बसल्या मला ते लांबून ऐकू आलं आणि मी शेजारणीला म्हटलं, कोण गं हा, आवाज बरा आहे. वळणावरून माझाच नवरा निघाला. आमच्या लग्नात चार माणसांनी ढकललं तरी तोंड न उघडलेला माणूस.

मी नरसाळं हातात धरून तशीच बसून राहिले. एका गिऱ्हाइकाच्या टाकीत तेल उतू गेलं.

सेनामीला तो शाळेतून मुकीवर आणतो. पोरगी म्हणते, "आई, बाबा गाडीवर किती बोलतात. मी म्हटलं, बाबा, मला सगळं ऐकू येतं हं. तर ते हसायला लागले." मी म्हटलं, गप गं. बापाने दोन ओळी गायल्या तर ही त्याचं पुराण करते. लहानपणापासून थापाडी आहे.

रविवार, २५ जून

गाडी आली तरी पूजा करून लोखंडाच्या देवाला दिली नव्हती, कारण दोसूचे हुएनूकाका, आमच्या घराण्यातले सगळ्यात वडीलधारे, अंत्यविधीसाठी गावी अडकले होते. आज आले. दारात पाय ठेवताच गरजले, "सोळा दिवस? बिनदेवाच्या गाडीवर सोळा दिवस फिरलास? जिवंत आहेस हेच नशीब."

कोंबडा आणला होता, लाल पाम तेल आणि सोदाबीची, म्हणजे ताडाच्या दारूची, बाटली. नेहमी काका इंजिनावर ओततात. आज गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हिचं काळीज कुठाय?"

दोसूने बैठक उचलून बॅटरी काढून दाखवली. खाली खळगा, खळग्यात तांब्याची चार बोटं. काका वाकून बघत राहिले. मीही पाहिलं. एवढ्या चार बोटांवर दोन माणसं घेऊन गाडी पूल चढते. काका हळू आवाजात म्हणाले, "लोखंड तेवढंच आहे, फक्त आत लपलंय." आणि तिथेच तेल ओतलं.

"तिथे नको," दोसू म्हणाला.

त्याचं कोण ऐकतो? आणि खरं लिहायचं तर मीच म्हटलं, "काका, कंजुषी नको, आतपर्यंत जाऊ द्या." काकांनी सोदाबीचा घोटभर शिंतोडा मारला, उरलेली बाटली काखेत घेतली. सगळ्यांनी भात-कोंबडी खाल्ली. मला मनातून बरं वाटलं. आता ती घरातली झाली.

सोमवार, २६ जून

पुलावर बंद पडली. मधोमध, मागे गिऱ्हाईक बसलेलं. मागच्या गाड्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. दोसू ढकलत घरी आला, गाणं नाही, काही नाही. मला वाटलं होतं असं झालं की मी जिंकेन. वही हाताशी होती. पण मी ती तांदळाच्या डब्यामागे सरकवली.

मंगळवार, २७ जून

ठाण्यावर त्याच्याबरोबर मीही गेले. आधी ठाण्याचं लिहिते. एक भिंतभर कपाट, त्यात खणाखणांत बॅटऱ्या, प्रत्येकीवर हिरवा दिवा. ना धूर, ना वास. मुलं येतात, रिकामी ठेवतात, भरलेली उचलतात, आणि माझ्याकडे एक बाटली ओतायला लागतो तेवढ्या वेळात निघून जातात. मी पंधरा वर्षं सीमेवरून आलेले कॅन उपसतेय, हाताची सालं निघालीत, आणि इथे सगळं पेट्रोल म्हणजे खणातला दिवा. मला दोन मिनिटं आपण कशाला आलोय तेच आठवेना.

मग प्रुदांसने आठवण करून दिली. ती तिथली मुलगी, विशीतली, पण जीभ सासूची. खळग्यात बोट घातलं, बोट लाल झालं.

"हे काय? कालवण केलंत?"

"देवाला दिली," मी म्हटलं.

"देवाने घेतली पण," ती म्हणाली. मग माझं तोंड पाहून जरा नरमली. "ताई, माझ्या आजीनेही हेच केलं असतं. पण करारात लिहिलंय, आत द्रव गेला तर दुरुस्ती तुमची. मोठ्या कचेरीचा माणूस पंधरा दिवसांनी येतो. तोवर ही बंद, आणि हप्ता चालू."

चार दिवस चुकला की गाडी गेली. जुनी विकलेली. दोसूला दुसरा धंदा येत नाही. आणि तो माझ्याकडे बघून एकदाही म्हणाला नाही की, तूच म्हणालीस ना, आतपर्यंत जाऊ द्या. म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

बुधवार, २८ जून

आज टेबलावरचं सगळं पेट्रोल विकलं आणि आलेल्या पैशांतून मुकीचा हप्ता काढून दिला. उद्याचा कॅनमधल्या मालातून भरीन. नवा माल घ्यायला उरणार नाही, त्याचा भाव तर दुप्पट झालाय. पेट्रोल विकून विजेचे पैसे भरणारी मी या शहरातली पहिलीच बाई असेन. दोसूने पैसे हातात घेतले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मला वाटलं काहीतरी बोलेल. "जेवलीस?" एवढंच म्हणाला.

शुक्रवार, ३० जून

हुएनूकाका कळल्या कळल्या आले. म्हातारा ठाण्यावर सबंध वेळ मान खाली घालून उभा. ऐंशी वर्षांच्या माणसाला विशीच्या पोरीपुढे असं उभं बघून मलाच भरून आलं.

प्रुदांस म्हणाली, "कचेरीच्या माणसाची वाट बघायची नसेल तर मी माझ्या जबाबदारीवर घासून बघते. पण त्याला स्पिरिट लागतं आणि माझं संपलंय."

"स्पिरिट म्हणजे?" काकांनी विचारलं.

"कडक दारूच समजा, आजोबा. जितकी कडक तितकी बरी."

काकांनी सदऱ्याखालून बाटली काढली. रविवारी काखेत नेलेली तीच. "तीनदा गाळलीय," ते म्हणाले. "माझ्या अंत्यविधीला ठेवली होती."

प्रुदांसने वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दातांचा ब्रश, जुनं फडकं, आणि ती चार तांब्याची बोटं. तासभर घासत होती. ब्रश लाल व्हायचा, धुवायचा, पुन्हा. पूर्ण वाळल्यावर तिने बॅटरी खाली सोडली. टक असा बारीक आवाज झाला आणि दिवा लागला.

काका गाडीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "देवाने एका हाताने नेलं, दुसऱ्या हाताने दिलं. पुढच्या वेळी चाकावर ओतू." प्रुदांस म्हणाली, "चाकावर हवं तेवढं ओता."

दोसू मला म्हणाला, "बस ना." मी म्हटलं, "काकांना सोड आधी, माझे पाय धड आहेत." पण चालत घरी येताना वाटलं, बसायला हवं होतं.

बुधवार, ५ जुलै

टेबल रिकामं आहे. कॅन धुऊन दारात पालथे घातलेत. घरात कसंतरीच वाटतं, कुठे हात ठेवावा कळत नाही.

सेनामीचा सकाळचा खोकला थांबला. कडू पाल्याचा काढा लागू पडलेला दिसतोय, शेजारणीला सांगायला हवं. आणि दोसूने चटई उचलून पुन्हा माझ्याकडे आणली. म्हटलं, वारा तिकडे होता ना? म्हणाला, "आता इकडे आहे." रुसवा गेला एकदाचा.

शनिवारी मालवाला येतो. उधारीवर दहा कॅन देतो म्हणालाय. धंदा पुन्हा उभा राहील. दोसूला सांगितलं, तर त्याने ताट तसंच अर्धवट ठेवलं. काय बिनसलं कोण जाणे.

रविवार, ९ जुलै

मालवाला काल आला नाही, उद्या येतो म्हणून निरोप आला. आज काकांना नवी बाटली द्यायला त्यांच्या घरी कालावीला जायचं होतं. लांबचा पल्ला. दोसू म्हणाला, "बस ना." मी बसले.

कसं लिहू? निघाली ते कळलंच नाही. हिसका नाही, थरथर नाही. घरं मागे सरकायला लागली म्हणून समजायचं की आपण चाललोय. पुलावर आलो. हा पूल मी हजारदा ओलांडलाय आणि त्याखाली पाणी असतं हे मला आज कळलं. होडीचं वल्हं पाण्यात पडलं ते ऐकू आलं. दांतोक्पाच्या बाजारात कुणीतरी मिरच्यांवरून भांडत होतं, तो अख्खा वाद मी जाता जाता ऐकला. माझ्याच लुगड्याचं टोक फडफडत होतं ते ऐकलं. मी या शहरात जन्मले आणि इतकी वर्षं शहर ऐकलंच नव्हतं.

मग कुणीतरी बोलतंय असं वाटलं. दोसू. माझ्याशी की काय म्हणून मी पुढे वाकले. तो समोर रस्त्याकडे बघून बोलत होता, सहज, आवाज न चढवता.

"पुढे खड्डा आहे आकुबा, घट्ट धर. इकडून वळतो, तुला मासळीचा वास सोसत नाही. तू पैसे काढून दिलेस त्या दिवशी मला रडू आलं होतं. जेवलीस का एवढंच विचारलं. मला येतच नाही गं."

जुन्या गाडीवर मी मागे बसायचे तेव्हा त्याची पाठ सारखी थरथरायची. अकरा वर्षं मला वाटायचं ते इंजिन आहे. आज इंजिन नव्हतं आणि पाठ तशीच थरथरत होती. म्हणजे हा बोलत होता. अकरा वर्षं, प्रत्येक फेरीला, माझ्याशी. आणि ते सगळं त्या गाडीने खाल्लं.

"उद्या माल येणार," तो म्हणत होता. "तुझं दुकान तुझ्या हिमतीचं आहे, मी बंद कर कसं म्हणू? वाटलं, मीच पेट्रोल सोडलं तर आपोआप सुटेल. ब्लांदीनच्या पोराचा पाय माझ्या हाताला लागला होता, आकुबा. धरला होता मी. निसटला. रोज मला तो पाय सेनामीचा वाटतो. म्हणून मी मध्ये झोपतो. आग आधी माझ्यापर्यंत येईल."

पुढचं मी ऐकलं, पण लिहिणार नाही. कालावी येईपर्यंत मी त्याच्या पाठीला कपाळ टेकून बसले. उतरल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "धूळ गेली डोळ्यांत."

सोमवार, १० जुलै

मालवाल्याला दारातूनच परत पाठवला. दोसूला सांगितलं, भाव परवडत नाही. त्याने मान हलवली. कॅन भंगारात घातले. टेबल आहे, त्यावर उद्यापासून गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, आणि मिरचीची चटणी विकीन, झेमवाल्यांना भूकही लागतेच. पहिले काही महिने ओढाताण होईल, होऊ दे.

ही वही त्याला दाखवायची होती, ते आता होणे नाही. गाडीवर ऐकू येतं हे त्याला कळलेलं नाही; सेनामीने सांगितलं तेव्हा तो हसला होता म्हणे, चेष्टाच वाटली असणार. कळलं तर तो पुन्हा मुका होईल, म्हणून मी जन्मात सांगणार नाही.

संध्याकाळी म्हटलं, मला बाजारात सोड. बाजार चालत दहा मिनिटांवर आहे. तो काही न बोलता गाडी काढून उभा राहिला, आणि मी सांगायच्या आतच त्याने पुलावरून जाणारा लांबचा रस्ता धरला.